दोन दुष्काळ आणि अर्थशास्त्राचा धडा

अर्थसंकल्प मांडला गेला, रिझर्व्ह बँकेने व्याजाचा दर बदलला किंवा कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, की चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते. 'अर्थशास्त्राच्या नियमांपुढे कोणाचे काही चालत नाही' हे ते वाक्य होय. ते उच्चारणाऱ्याचा रोख बहुधा असा असतो, की गुरुत्वाकर्षण जसे माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही, तसेच किंमत, मजुरी, व्याज आणि खंड यांचेही आहे. ज्याला हे उमजत नाही तो भाबडा ठरतो. महाविद्यालयीन अध्यापनही या समजुतीला खतपाणी घालते. विद्यार्थी मागणी आणि पुरवठा यांच्या वक्ररेषा काढायला शिकतो आणि त्या जेथे परस्परांना छेदतात तो बिंदू परीक्षेत अचूक दाखवतो. परंतु त्या रेषांच्या पाठीमागे कोणते कायदे, कोणते रिवाज, कोणाची मालकी आणि कोणाची लाचारी उभी आहे, हा प्रश्न त्याच्या प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतो.

अर्थशास्त्र हे सामाजिक शास्त्र आहे, हे वाक्य पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेले असते आणि दुसऱ्या पानापासून त्याचा विसर पडतो. त्या वाक्याचा खरा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी परदेशी ग्रंथांची पाने चाळण्याची आवश्यकता नाही. दख्खनच्या पठारावर सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने दोन भयंकर दुष्काळ पडले, एक १८७६ ते १८७८ या काळात आणि दुसरा १९७२-७३ साली. दोन्ही वेळी पावसाने दगा दिला, दोन्ही वेळी धान्य दुर्मीळ झाले आणि महागले. पुरवठा घटला की किंमत वाढते, हा नियम दोन्ही वेळी सारखाच खरा ठरला. पण त्या नियमाचा माणसांवर झालेला परिणाम मात्र एक नव्हता. या फरकाचे कारण शोधू लागले, की अर्थशास्त्राचे सामाजिक स्वरूप आपोआप उलगडत जाते.

तत्त्वाची किंमत

१८७६ च्या दुष्काळाची पूर्वपीठिका आदल्या वर्षीच लिहिली गेली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागिन्यांवर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि हाती लागताच ते त्यांनी जाळून टाकले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला मोठा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळला; पण तेजीच्या काळात वाढलेले कर्ज मात्र तसेच राहिले, आणि त्यातच सरकारने सारा वाढवला.

ब्रिटिश अंमलापूर्वीही सावकार होता आणि कर्जही होते. नवे होते ते न्यायालय. जमीन ही विकता येण्याजोगी खासगी मालमत्ता झाली होती, सारा ठरलेल्या वेळी रोख भरावा लागत होता, आणि लेखी करार झाला की त्याची अंमलबजावणी करणे हे दिवाणी न्यायालयाचे कर्तव्य ठरले होते. करार हा दोन स्वतंत्र व्यक्तींनी स्वेच्छेने केलेला असतो, हे त्या कायद्याचे गृहीत होते. निरक्षर कुणबी आणि खत लिहिणारा सावकार यांच्यात 'स्वेच्छा' या शब्दाला कितपत अर्थ उरतो, याचा विचार त्यात नव्हता. अखेर १८७९ साली सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता मूळ व्यवहार काय होता, याची चौकशी करण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयाला दिला. व्याजाचा नियम आभाळातून पडलेला नाही, याची ही सरकारी कबुलीच होती.

दरम्यान दुष्काळ येऊन गेला होता. १८७६ साली मोसमी पाऊस हुकला आणि मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद येथे हाहाकार उडाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे सरकार धान्याच्या व्यापारात हस्तक्षेप करायचा नाही, या तत्त्वाला चिकटून राहिले. भाव वाढले की व्यापारी आपणहून धान्य टंचाईच्या भागात आणतील, हा त्यामागचा युक्तिवाद होता. आगगाडी होती आणि धान्यही पूर्णपणे संपलेले नव्हते. देशातून धान्याची निर्यातही चालू होती. नव्हती ती लोकांच्या हातातील क्रयशक्ती. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याची भूक बाजाराला ऐकू येत नाही.

मुंबई इलाख्यात सरकारने सार्वजनिक कामे काढली, हे खरे. परंतु खर्च आवरण्यासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे रोजचे वेतन एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतके खाली आणले. त्याविरुद्ध मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या दुष्काळात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे मरण पावली. सरकारी तत्त्व पुस्तकात निर्दोष होते. फक्त त्याची किंमत ज्यांनी ते तत्त्व कधी वाचले नव्हते त्यांनी मोजली.

रानडे आणि आंबेडकर

हे सारे जवळून पाहणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, त्या सुमारास ते शेतकरी साहाय्य कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम करीत होते. म्हणजे ज्या विषयावर ते बोलत होते तो त्यांच्यापुढे कज्जांच्या रूपाने रोज उभा राहत होता. इंग्लंडमधील अर्थशास्त्र काही गृहीतांवर उभे होते. प्रत्येक व्यक्ती केवळ स्वतःच्या लाभाचा विचार करते, भांडवल आणि श्रम जेथे अधिक मोबदला तेथे सहज जातात, करार मुक्तपणे होतात, ही त्यांतील प्रमुख गृहीते. रानडे यांनी दाखवून दिले, की येथील समाजात व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ आहेत, स्पर्धेपेक्षा रूढी प्रबळ आहे, आणि कराराआधी माणसाचे जन्मजात स्थान बोलते. म्हणून एका देशाच्या अनुभवातून काढलेले निष्कर्ष दुसऱ्या देशाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. रानडे अर्थशास्त्राचे विरोधक नव्हते. ते शास्त्र वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून घ्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

त्याच मार्गाने पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी जमिनीच्या तुकड्याचा आकार हाच रोग आहे, हे मत नाकारले. जमिनीवर पोसल्या जाणाऱ्या माणसांची गर्दी आणि इतर साधनांचा अभाव हा खरा रोग असून त्यावरचा उपाय उद्योगीकरणात आहे, असे त्यांनी मांडले. १९३६ साली जातिव्यवस्थेवर लिहिताना ते आणखी खोल गेले. एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात जाण्याची वाट जात बंद करते आणि त्यामुळे ती बेकारीचेही एक कारण ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. श्रम मुक्तपणे फिरतात असे पाठ्यपुस्तक सांगत असते. ते फिरू न देणारी संस्था मात्र गावाच्या वेशीवर उभी असते.

आभाळ तेच, व्यवस्था निराळी

आता १९७२-७३ कडे वळावे. आधीच्या दोन वर्षांतही पावसाने ओढ दिली होती, आणि १९७२ साली महाराष्ट्रातील शेती अक्षरशः करपून गेली. जनावरे कवडीमोलाने विकली गेली, विहिरींनी तळ गाठला, परदेशातून आलेला लाल मिलो रेशनच्या दुकानात रांगा लावून घ्यावा लागला. त्या पिढीतील माणसे आजही ती वर्षे मिलो आणि सुकडी या दोन शब्दांनीच ओळखतात. हाल प्रचंड झाले, हे विसरता कामा नये. परंतु १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही.

याचे श्रेय धान्याच्या विपुलतेला देता येत नाही, कारण दरडोई धान्य फारच कमी होते. ते श्रेय मुख्यतः कामांचे होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे अशी कामे गावोगाव निघाली, आणि मे १९७३ मध्ये त्यांवरील मजुरांची संख्या सुमारे पन्नास लाखांपर्यंत गेली. मजुरी हाती पडली म्हणून कुटुंबांना धान्य विकत घेता आले, आणि थोडे का होईना, ते सर्वांच्या वाट्याला आले. शिवाय सत्ता आता मतांवर अवलंबून होती. मोर्चे निघत होते, वृत्तपत्रे लिहीत होती, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. १८७७ साली टेंपल यांना मजुरांची मते मागायची नव्हती.

डॉ. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळावरील आपल्या ग्रंथात हेच सूत्र सिद्धान्तरूपाने मांडले. देशात धान्य किती आहे यापेक्षा ते मिळवण्याचा हक्क कोणाकडे आहे, यावर उपासमार ठरते. सुमारे तीस लाख माणसांचा बळी घेणाऱ्या १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा त्यांनी या दृष्टीने उलगडा केला. अवर्षण ही निसर्गाची करणी असेल. उपासमार ही समाजव्यवस्थेची करणी असते.

व्यवसाय करामागचा विचार

महाराष्ट्राने या अनुभवातून एक संस्था निर्माण केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासातही सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवण्याचा उपाय सुचवला होता, आणि त्याचा भार सुस्थितीतील लोकांनी उचलावा, असेही म्हटले होते. दुष्काळानंतर हा विचार कायद्यात उतरला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर ते पंधरा दिवसांत देणे आणि न दिल्यास बेकारभत्ता देणे, हे राज्याचे कर्तव्य ठरले.

यासाठी पैसा कोठून आला, हे आजच्या नोकरदारांपैकी अनेकांना ठाऊक नसते. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला, तो रोजगार हमीसाठी निधी उभा करण्याच्या हेतूने. आणि तितकीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शिक्षक आणि कारकून यांच्या वेतनातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, त्या कपातीचे मूळ येथे आहे. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या भूमिहीनाच्या कामाचा भार उचलावा, हा काही बाजाराचा नियम नव्हे. तो एका समाजाने केलेला नैतिक निर्णय होता.

या निर्णयाने अर्थशास्त्राचे नियम मोडले काय? मुळीच नाही. त्याने फक्त ते ज्या चौकटीत चालतात ती चौकट बदलली. शेतमजुराची मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे म्हणतात. परंतु नकार दिला तर पुढे काय, यावर मजुराची सौदाशक्ती अवलंबून असते. नकारापुढे उपासमार असेल तर तो मिळेल त्या दराला राबतो. नकारापुढे सरकारी काम असेल तर तो ताठ मानेने दर विचारू शकतो. वक्ररेषा दोन्ही वेळी काढता येईल, पण ती कोठून सुरू होणार हे कायदा ठरवतो. रोजगार हमीच्या कामांवर स्त्रियांची संख्या मोठी राहिली आणि कामाच्या मापानुसार त्यांना पुरुषांइतकाच दर मिळू लागला. शेतात स्त्रीची मजुरी पुरुषापेक्षा कमी असते, हा 'नियम' तेवढ्यापुरता तरी गळून पडला. तो कधी नियम नव्हताच. ती रूढी होती.

या योजनेमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार प्रथमपासून आहे, आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी स्वतःच अडचणीत असतो. त्याच्या मालाला भाव नसेल तर वाढीव मजुरी त्याने द्यावी कोठून? पण त्याचा भाव तरी केवळ बाजार ठरवतो काय? शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली केली. त्या काही महिन्यांत लासलगावच्या बाजारातील भावामागे सरकारचा एक निर्णय उभा होता. भाव चढले की राज्यसत्तेने हस्तक्षेप करायचा आणि ते पडले की बाजाराच्या नियमाकडे बोट दाखवायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात कोणाच्या हिताला किती वजन दिले, हे शास्त्राच्या नावाखाली झाकले जाते.

महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेऊन २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस १२५ केले गेले, बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद झाली. ही अखेरची तरतूद योग्य की अयोग्य, याचे उत्तर कोणत्याही समीकरणातून निघणार नाही. ज्या हंगामात मजुराच्या श्रमाला सर्वांत अधिक मागणी असते त्याच हंगामात त्याचा दुसरा आधार काढून घ्यायचा, की त्या हंगामात शेतकऱ्याला दिलासा द्यायचा, ही निवड मूल्यांची आहे. ती तशी म्हणूनच चर्चिली गेली पाहिजे.

संस्थाही किडतात

संस्था महत्त्वाच्या आहेत असे म्हणणे म्हणजे प्रत्येक संस्थेची आरती करणे नव्हे. रोजगार हमीतही खोटे हजेरीपट भरले गेले, कामे अर्धवट राहिली, मजुरी रखडली. दुसरीकडे १९९० पासून तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि अनेक कोरडवाहू शेतांत आंबा, डाळिंब, बोर उभे राहिले, हेही तितकेच खरे.

सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास अधिक बोलका आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी स्वीकारले. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला, तर खासगी कारखानदाराकडून होणारी त्याची अडवणूक थांबेल, हा त्यामागचा विचार होता, आणि तो पुष्कळ अंशी खरा ठरला. परंतु त्याच कारखान्यांभोवती पुढे सत्तेची घराणी वाढली. अनेक कारखाने कर्जात बुडून खासगी मालकांच्या हाती गेले. लागवडीच्या क्षेत्रातील लहानसा वाटा व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पिऊ लागला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी आगगाडीने न्यावे लागले, तेव्हा दोष केवळ ढगांचा नव्हता. उसाला हमखास भाव आणि हमखास ग्राहक, ज्वारी-तुरीला यांपैकी काहीच भरवशाचे नाही, अशी व्यवस्था असेल तर शेतकरी उसाकडेच वळणार. त्याचे वागणे तर्कशुद्ध आहे. चौकट चुकली आहे.

मूल्ये उघड असावीत

यावर असा आक्षेप घेतला जातो, की मूल्यांचा विचार आत आला की शास्त्र भ्रष्ट होते. या आक्षेपाला गुन्नार मिर्डाल यांनी समर्पक उत्तर दिले होते. मूल्ये शास्त्रात असतातच. ती लपवण्याऐवजी संशोधकाने आरंभीच उघड सांगावीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिर्डाल आणि फ्रेडरिक हायेक यांना विभागून मिळाले. राज्यसत्तेने अर्थव्यवहारात किती शिरावे, याविषयी या दोघांची मते जवळजवळ विरुद्ध टोकांची होती. २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना आणि २०२४ साली डॅरन असिमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन यांना ते मिळाले, ते संस्थांच्या अभ्यासासाठीच. रानडे यांनी डेक्कन कॉलेजात जे सांगितले, तेथवर जगाची विद्यापीठे वळसा घेऊन येऊन पोहोचली आहेत.

याचा अर्थ हिशेब सोडून भावनेवर राज्य चालवावे, असा नाही. पैसा मर्यादित असतो, अनुदानाचा बोजा कोणाला तरी उचलावा लागतो, आणि चुकीचा दर ठरवला तर माल बाजारातून नाहीसा होतो, हे अर्थशास्त्र सांगते आणि ते ऐकलेच पाहिजे. एखाद्या निर्णयाचा परिणाम काय होईल, हे शास्त्राने सांगावे. तो परिणाम कोणी सोसावा, हे समाजाने ठरवावे. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली, की तज्ज्ञ हा राज्यकर्ता बनतो आणि नागरिक केवळ प्रेक्षक उरतो.

म्हणून अर्थशास्त्राच्या वर्गात वक्ररेषेबरोबर १८७५ चे जळालेले कर्जरोखे आणि १९७३ चे खडी फोडणारे हातही शिकवले गेले पाहिजेत. ज्या विद्यार्थ्याला ते ठाऊक असतील, तो 'याला पर्याय नाही' या वाक्याने गप्प बसणार नाही. हा नियम कोणी केला, त्यातून कोणाला काय मिळाले आणि तो बदलायचा झाल्यास किंमत कोण मोजणार, हे तीन प्रश्न तो विचारील. लोकशाहीतील नागरिकाला यापेक्षा अधिक उपयुक्त असे अर्थशास्त्र नाही.